आप्पांचा डोळा आणि चौथा भाग

माझ्या हातून आयुष्यात एकच अपहरण झालं, आणि तेही तिकीट काढून.

मी मुळात असल्या कामाचा माणूस नाही. मी लिफ्टला घाबरतो. कुकरची तिसरी शिट्टी झाली की स्वयंपाकघरातून बाहेर येतो. अनोळखी नंबरवरून फोन आला की आधी वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, हाक मारतो आणि वाजता फोन तसाच तिच्या हातात देतो. पाटबंधारे खात्यात बावीस वर्षं काढली, पण धरणाच्या भिंतीवर मी अजून उभा राहिलेलो नाही. (खाली पाणी असतं!) अशा माणसाने नाशिकसारख्या शहरात, कॉलेज रोडवर, भरदुपारी एका म्हाताऱ्या गृहस्थाला हाताला धरून पळवावं, यावर माझा स्वतःचाच अजून विश्वास बसत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी ते दोन पोलीस आहेत. खरे नव्हेत, पिक्चरमधले. (खरे नंतर आले.) एक नियमाने चालणारा, शर्टाची इस्त्री न मोडणारा. दुसरा ड्युटीवर भजी खाणारा आणि आधी उडी मारून मग खाली बघणारा. या जोडीचे तीन भाग येऊन गेले आणि तिन्ही भागांत गोष्ट एकच! साहेब टेबलावर हात आपटतात, दोघांचे बिल्ले काढून घेतात. सगळ्यांत गोड बोलणारा ट्रस्टी असतो, तोच बदमाश निघतो. मध्यंतराच्या आधी दोघांचं भांडण, मध्यंतरानंतर एकाने दुसऱ्याला वाचवणं, मग भाजीबाजारातून गाड्यांची पळापळ आणि कलिंगडाची हातगाडी उलटणं. वैशाली म्हणते, "तेच तेच काय बघता हो?" आता हिला काय सांगणार! तेच तर बघायला जायचं असतं. बाहेरच्या जगात पुढच्या मिनिटाला काय होईल हे मला कधीच कळत नाही. तिथे मला सगळं आधीच ठाऊक असतं. बंदूक रोखली तरी मी निवांत पॉपकॉर्न खातो, कारण गोळी लागणार नसते. नाशिकमध्ये मी न घाबरता बसू शकतो अशी ती एकच जागा आहे आणि तिथे सतत गोळीबार चालू असतो.

तिन्ही भाग मी पाहिले ते माझ्या साडूंबरोबर. बाळासाहेब येवल्याकडचे, कांद्याचे व्यापारी. भीती म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागतं. एकदा त्यांच्या शेतात बिबट्या आला, तर हे टॉर्च घेऊन त्याला बघायला गेले! आमचं दोघांचं या एका बाबतीत जमतं. चौथा भाग लागणार म्हटल्यावर त्यांनी शनिवारची पावणेतीनची दोन तिकिटं परस्पर काढली आणि फोन करून सांगितलं, "साडूभाऊ, या टायमाला दोघांची पोरं बी पोलीस झालीत म्हणं! बाकी सगळं तेच हाय!" मला फार बरं वाटलं.

आणि नेमका त्याच शनिवारी आप्पांचा डोळा आडवा आला.

आप्पा म्हणजे आमचे सासरे. मनमाडला रेल्वेत गार्ड होते. पस्तीस वर्षं शिट्टी मारून त्यांनी गाड्या सोडल्या. निवृत्तीनंतर नाशिकला आले तेव्हा शिट्टी रेल्वेला परत केली, नजर मात्र बरोबर आणली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण आप्पांच्या चेहऱ्याकडे मी सलग दोन सेकंद पाहिलेलं नाही. घरात शिरलं की वाकायचं, पायांना हात लावायचा आणि वाकलेल्या अवस्थेतच आतल्या खोलीत जायचं, ही माझी पद्धत. त्यामुळे आप्पांचे पाय मला पाठ आहेत. स्वच्छ गुळगुळीत टाचा, सरळ कापलेली नखं. चेहऱ्याबद्दल विचाराल तर मिशी आहे. बहुधा.

दहा दिवसांपूर्वी त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि शनिवारी दुपारी तपासणी होती. सासूबाईंनी त्याच दिवशी कुरडयांचा घाट घातलेला. वैशाली आणि तिची धाकटी बहीण मनीषा गच्चीवर चिकाच्या हातांनी उभ्या. आप्पांना कोण नेणार? घरात रिकामे असे दोनच प्राणी होते.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "थेंब घातले की त्यांना तीन-चार तास धड दिसत नाही. आणि दिसत नाही हे ते कबूल करत नाहीत! मागच्या वेळी तसेच रस्त्यावर गेले, रिक्षावाल्याने ब्रेक लावला म्हणून वाचले. एक मिनिट एकटं सोडू नका. त्यांना काही झालं तर..."

सासूबाईंचं वाक्य अर्धवट राहिलं की मला जास्त भीती वाटते.

आमचा हिशोब सरळ होता. दीडला हॉस्पिटल, सव्वादोनला आप्पा घरी, पावणेतीनला आम्ही थिएटरात. पण हॉस्पिटलात पोचलो तर नर्सबाई म्हणाल्या, "मोठे डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत. साडेपाच धरून चाला." तिथे चपला बाहेर काढून पायांत निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्या लागतात. आप्पांना पिशव्या घातल्या, खिडकीजवळच्या तिसऱ्या खुर्चीत बसवलं. नर्सबाईंनी थेंब घातले, वर काळा जाडजूड चष्मा चढवला. त्या रांगेत सात-आठ आजोबा बसलेले. सगळ्यांना तोच चष्मा, सगळ्यांचे पांढरे शर्ट, सगळे टकले आणि सगळे गप्प. आम्ही दोघं बाहेर टपरीवर चहाला आलो.

"साडूभाऊ, आप्पांना घेऊन जाऊ."

"घरी?"

"पिक्चरला. हे बघा, अजून एक तिकीट काढलं." त्यांनी मोबाईल दाखवला. बाळासाहेब आधी तिकीट काढतात, मग विचारतात.

मी चहा गिळायचा विसरलो. आप्पांच्या मते सिनेमा हा वाया गेलेल्यांचा उद्योग आहे. मनीषाच्या लग्नात व्हिडिओवाला आला तर त्यांनी त्याला कार्यालयाबाहेर उभं केलं होतं!

"आवो, डोळ्यात थेंब हाय, वर काळा चष्मा. त्यांना काय दिसतंय? थंडगार अंधारी खोली, समोर मोठ्ठं मशीन. म्हणायचं, तपासणी चालू हाय."

"आणि गोळीबार?"

"मशीनचा आवाज."

"गाणं लागलं तर?"

"नर्सबाईंनी रेडिओ लावला."

"आणि कळलं तर?"

"कळंल कसं? त्यांनी जन्मात थेटर पाह्यलं नाय!"

मी नको म्हणायला तोंड उघडलं होतं. देवाशप्पथ. पण आप्पांना एकटं सोडायची भीती होती आणि चौथा भाग पहिल्या शनिवारी चुकला तर ऑफिसात कोणीतरी शेवट सांगून टाकील, ही दुसरी भीती होती. (शेवट मला माहीत होता. पण तो दुसऱ्याने का सांगावा?) या दोन्ही भीती एकदम मिटवणारा मार्ग जगात एकच होता. मी होकारार्थी मान हलवली.

आत येऊन आम्ही थेट खिडकीजवळच्या तिसऱ्या खुर्चीशी गेलो. मी जमिनीकडे बघत, निळ्या पिशव्यांना उद्देशून म्हणालो, "चलायचं का? तपासणीची खोली दुसऱ्या इमारतीत आहे."

"हं," निळ्या पिशव्या म्हणाल्या.

मी अदबीने हात पुढे केला तर तो धरला गेला! मी दचकलो. आप्पा कोणाचा हात धरत नाहीत. शिवाय हात खरखरीत लागला. "औषधानं होतं तसं," बाळासाहेब म्हणाले. आम्ही इकडेतिकडे बघत, दोन्ही बाजूंनी दोन दंड धरून, पायांतल्या पिशव्यांसकट त्यांना रिक्षात बसवलं. चपला तिथेच राहू दिल्या. परत यायचंच होतं.

थिएटरात आमच्या मधल्या खुर्चीत त्यांना बसवलं. अंधार झाला. पहिल्याच मिनिटाला पुलावर स्फोट झाला. मी घाबरलो. पिक्चरला नव्हे, आप्पांना.

"मशीन आहे," मी कुजबुजलो.

"मोठं दिसतंय," उत्तर आलं.

बाळासाहेबांनी त्यांच्या हातात पॉपकॉर्नचा डबा दिला. "हे खायला सांगितलंय डॉक्टरांनी." ते खाऊ लागले. मी जरा टेकून बसलो. समोर भजी खाणाऱ्या पोलिसाने खिडकीतून उडी मारली आणि खाली बघितलं, तर खाली गटार.

आणि माझ्या शेजारी कोणीतरी हसलं.

आप्पा हसले होते! एकोणीस वर्षांत, माझ्या लग्नात, नातवाच्या बारशात, कुठेही न हसलेले आप्पा खो खो हसत होते आणि मांडीवर थाप मारत होते. ती मांडी माझी होती.

"बाळासाहेब," मी खुर्चीच्या मागून वाकून म्हणालो, "आप्पा हसतायत."

"मग?"

"मग काय! काहीतरी झालंय त्यांना. थेंब मेंदूत गेले असतील."

"आवो, हसतोय माणूस तर हसू द्या की!"

पण मला पिक्चर दिसेनासा झाला. मी फक्त आप्पांचा कानोसा घेत होतो. थोड्या वेळाने ते माझ्याकडे झुकले आणि म्हणाले, "आता सायेब बिल्लं काढून घेतील बघ."

पडद्यावर साहेबांनी टेबलावर हात आपटला. "तुमचे बिल्ले इथे ठेवा!"

माझ्या हातातलं पॉपकॉर्न खाली सांडलं. एकतर आप्पांना कळलं होतं की हा सिनेमा आहे. आणि दुसरं म्हणजे त्यांना तो आधीच माहीत होता! वर भाषाही गावाकडची. मी बाळासाहेबांना खूण केली. ते म्हणाले, "गुंगीत माणूस मूळ बोलीवर येतो." मी स्वतःला समजावलं. माणसाला काहीतरी धरून बसावं लागतं.

"त्यो पांढऱ्या कपड्यातला, लेकरांना चाकलेटं वाटतोय ना, त्योच चोर हाय," आप्पा म्हणाले. "लय गोड बोलतोय."

"तुम्हाला... दिसतंय का?" मी विचारलं.

"अजाबात नाय. नुसतं पांढरं-काळं हालतंय. पर याला डोळं कशाला लागत्यात? आता ह्ये दोघं भांडतील आन् मग लाईट लागंल."

दोघं भांडले. लाईट लागला. मध्यंतर!

लख्ख उजेडात मी नेहमीप्रमाणे जमिनीकडे पाहत होतो. शेजारच्या माणसाने "पाय लय शिजलं" म्हणत पायांतल्या निळ्या पिशव्या काढल्या. आतून पाय बाहेर आले. रापलेले, भेगाळलेल्या टाचांचे, काळी माती नखांत कायमची बसलेले, रुंद पंजांचे पाय. मी त्या पायांकडे पाहतच राहिलो. एकोणीस वर्षं ज्यांना हात लावला ते हे पाय नव्हते. मी मान हळूहळू वर नेली. मिशी होती. पण बाकीचं काहीच ओळखीचं नव्हतं!

"तुम्ही... कोण?" मी विचारलं.

"मी? मखमलाबादचा. झेंडू असतोय आपला," ते हसून म्हणाले. "आबा म्हणत्यात मला. तुम्ही हास्पिटलची पोरं ना?"

बाळासाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझा हात धरला. त्यांचा हात गार होता, आणि हे पाहून माझी उरलीसुरली हिंमतही गेली. आम्ही चहा पिईपर्यंत नर्सबाईंनी आप्पांना आत कुठल्यातरी यंत्राशी नेलं असणार, आणि रिकाम्या खुर्चीत आबा येऊन बसले असणार. हे मला आत्ता, मध्यंतरात, सूर्यप्रकाशासारखं स्वच्छ दिसलं. मग त्याहून भयंकर गोष्ट दिसली. आप्पा तिकडे एकटे होते. डोळ्यांत थेंब, समोर सगळं धुरकट, आणि दिसत नाही हे कबूल न करणारा माणूस. बाहेर कॉलेज रोडची रहदारी.

मी खिशातून फोन काढला. तो आवाज बंद करून ठेवलेला. तीन अनोळखी नंबर, सात वैशाली, नऊ सासूबाई.

"तुमच्यामुळे!" मी ओरडलो. "मशीन म्हणे! रेडिओ म्हणे!"

"माझ्यामुळं? तुम्हाला सासऱ्याचं थोबाड वळखू येत नाय?"

"तुम्हाला येतं?"

"मी तुमच्या भरवशावर होतो! तुम्ही मोठं जावई!"

पुढच्या रांगेतली माणसं आमच्याकडे वळून पाहू लागली. पडद्यावरच्या त्या दोघांचं भांडण होऊन पाच मिनिटं झाली नव्हती, आणि इथे आमचं सुरू होतं. फरक इतकाच, की त्यांना पुढे काय होणार ते माहीत होतं.

"आबा, उठा. परत जायचंय."

"का बरं?" आबा खुर्चीत आणखी रेलले. "आता तर गाड्यांची पळापळ राह्यलीय. हातगाडी उलटायची राह्यलीय. मी नाय येत!"

आता ओलिसालाच सुटायचं नसेल तर काय करायचं, हे तिन्ही भागांत कुठेच दाखवलेलं नाही! मी हात जोडले. बाळासाहेबांनी पुढच्या शनिवारी पुन्हा आणायचं कबूल केलं. पॉपकॉर्नचा नवा डबा दिला. तेव्हा कुठे ते उठले, आणि आम्ही त्यांना दोन्ही दंडांना धरून जिन्यावरून जवळजवळ उचलून खाली आणलं. वाटेत एक बाई आपल्या मुलाला जवळ ओढून बाजूला झाली.

रिक्षात मी देवाचं नाव घेत होतो, पण कुठल्या देवाचं ते लक्षात नव्हतं. सिग्नलला थांबलो की मी बाहेर डोकावून पाहायचो, कुठे पांढरा शर्ट रस्त्यात पडलेला दिसतो का. आबा मात्र वाऱ्यावर खुशीत होते. "आता त्या चोराला गोडाऊनमधी धरतील," त्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं.

हॉस्पिटलच्या दारात गर्दी होती. मध्ये एक दारासारखा रुंद तरुण उभा होता आणि शेजारी दोन पोलीस. खरे! एक महिला पोलीस, हातात वही, कपाळावर आठ्या. दुसरे पोट सुटलेले हवालदार, भिंतीला टेकून सामोसा खाणारे. मी मनातल्या मनात म्हणालो, आलीच जोडी!

"आबा!" तो तरुण धावला. त्याचं नाव संपत, आबांचा मुलगा. मग तो आमच्याकडे वळला. "हेच ते दोघं!"

आत कॅमेऱ्याचं चित्रण लावलेलंच होतं. मी स्वतःला पाहिलं. दोन इसम दबकत येतात, डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात, एका आंधळ्यासारख्या म्हाताऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलतात आणि दोन्ही दंड धरून त्याला अनवाणी बाहेर नेतात. त्यातला मागचा इसम तर जाताना दाराशी वळून दात काढतो. (मी नर्सबाईंकडे बघून हसलो होतो. सवय!) आम्ही तिन्ही भाग पाहिले ते स्वतःला ते दोन पोलीस समजून. त्या दिवशी मला कळलं, की आम्ही त्यातले दुसरेच दोघं होतो. गोड बोलणारे.

"सोडा ओ पोरांना," आबा म्हणाले. "चांगली हायत. पिक्चर दावला मला."

"आबा, पळवून नेलं होतं तुम्हाला!" संपत ओरडला.

"पळवून कुठं? रिक्षानं नेलं."

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. तपासणी, थेंब, तिसरी खुर्ची, मशीन, सगळं. महिला पोलिसांनी शांतपणे लिहून घेतलं आणि विचारलं, "ठीक. मग तुमचे सासरे कुठे आहेत?"

मी नर्सबाईंकडे पाहिलं.

"ते आजोबा होय! मोठे डॉक्टर लवकर मोकळे झाले. त्यांची तपासणी झाली, डोळा छान आहे. सोबतच्यांना हाका मारल्या, कोणी नाही. तुम्हाला फोन केले, उचलत नाही. एकटे जाऊ नका म्हटलं तर म्हणाले, मी कोणासाठी थांबत नाही. गेले निघून! तासभर झाला असेल."

मी तिथल्याच तिसऱ्या खुर्चीत बसलो.

"बाई, आधी त्यांना शोधा," मी म्हणालो. "आम्हाला नंतर आत टाका, पण आधी त्यांना शोधा. त्यांना दिसत नाहीये. ते सांगणार नाहीत कोणाला, पण त्यांना दिसत नाहीये हो."

"आधी तुम्ही चौकीत चला. सासरे आहेत की नाहीत, तेही बघू." त्या काही मला वाईट वाटल्या नाहीत. आमच्यासारख्या दोघांवर मीही विश्वास ठेवला नसता.

पोलिसांच्या गाडीत मी खिडकीला नाक लावून बसलो. तेवढ्यात पुन्हा फोन थरथरला. वैशाली. या वेळी तो कोणाच्या हातात देणार?

"अहो, किती वेळ? फोन का उचलत नाही? आप्पांना द्या."

"आप्पा... आतमध्ये आहेत."

"आणि तुम्ही?"

"मी पण आतमध्येच चाललोय," मी म्हणालो. हे खरं होतं. पण फोन ठेवल्यावर मला रडू आलं. आप्पांची मला भीती वाटते, हे मला माहीत होतं. आप्पांसाठीही इतकी भीती वाटू शकते, हे मला त्या गाडीत कळलं. वैशालीला काय सांगायचं हा प्रश्न तेव्हा डोक्यात नव्हताच. फक्त तो ताठ माणूस कुठल्यातरी चौकात हात न पसरता, कोणाला न विचारता, रस्ता ओलांडत असेल, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

चौकीत शिरलो. आणि आतून ओळखीचा आवाज आला. हुकमी, तोलून बोलणारा.

"दोन. दोघेही जावई."

बाकावर आप्पा बसले होते! पाठ ताठ, काळा चष्मा, हातात हॉस्पिटलची फाईल. समोर टेबलावरचे जमादार फॉर्म भरत होते.

"वय?"

"मोठ्याचं सत्तेचाळीस. धाकट्याचं चव्वेचाळीस."

"आजोबा, एवढी मोठी माणसं हरवतात होय?"

"हे हरवतात."

"काही आजार वगैरे? डोक्याचा?"

"तपासलेला नाही."

पुढे काय झालं मला नीट आठवत नाही. बाळासाहेब सांगतात की मी "आप्पा!" असं किंचाळून धावलो आणि वाकायचं सोडून सरळ त्यांच्या गळ्यात पडलो. मला आठवतं ते एवढंच, की त्यांच्या शर्टाला कापराचा वास होता आणि ते जिवंत होते, धडधाकट होते. हॉस्पिटलपासून चौकीपर्यंत ते फुटपाथच्या कडेला पाय घासत घासत आले होते, आणि येऊन पहिलं काम काय केलं, तर आमची काळजी!

"कोण आहे हा?" आप्पांनी विचारलं.

"तेच विचारायचंय तुम्हाला," महिला पोलीस म्हणाल्या. "या दोघांनी एका आजोबांना पळवलं. म्हणतात, ते सासरेच समजून नेलं. तुम्ही ओळखलंत तर मी सोडून देते. नाही म्हणालात तर दोघांवर गुन्हा दाखल करते. नीट बघून सांगा. हे तुमचे जावई का?"

हवालदारांनी सामोसा खाली ठेवला.

आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. मोठ्या झालेल्या बाहुल्यांनी त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग बाळासाहेबांकडे. मग पुन्हा माझ्याकडे. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की मला वाटलं, हाच आवाज ऐकून ते ओळखतील.

"आप्पा, आम्ही पिक्चरला गेलो होतो," मी म्हणालो. "चौथा भाग. तुम्हालाच नेत होतो."

आप्पांनी एक लांब श्वास सोडला. "हेच," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. पण बदलून मिळत असतील तर मी थांबतो."

"तशी सोय नाही, आजोबा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी छापील कागद आप्पांपुढे सरकवला. जमादारांनी तो मोठ्याने वाचून दाखवला: वरील दोन इसम सुस्थितीत माझ्या ताब्यात मिळाले. आप्पांनी त्यातला ‘सुस्थितीत’ हा शब्द खोडायला लावला, जमादारांनी खोडला, आणि सरकारी कागदावर खाडाखोड केली की शेजारी सही लागते, हे मीच त्यांना सांगितलं. सही माझीच घेतली!